विलीनीकरणात कर्मचाऱ्याचा वाटा

ओळखीतला एक तरुण अभियंता मध्यंतरी दोन कागद घेऊन घरी आला. एक होते सव्वादोन वर्षांपूर्वीचे ग्रँट लेटर: चार हजार स्टॉक ऑप्शन, चार वर्षांत दरवर्षी एक हजार. दुसरा कागद म्हणजे कंपनीच्या एचआर विभागाकडून आलेल्या ईमेलचा प्रिंटआउट. त्याची कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन होणार होती. ईमेलमध्ये अभिनंदन होते, नव्या संधींचा उल्लेख होता आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होते: व्हेस्ट न झालेल्या ऑप्शनबाबत संचालक मंडळ यथावकाश योग्य तो निर्णय घेईल. त्या वाक्याखाली त्याने पेन्सिलीने रेघ मारली होती आणि समासात लिहिले होते, ‘म्हणजे काय?’

हा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जातो. ठरलेल्या किमतीला कंपनीचा शेअर पुढे विकत घेण्याचा हक्क म्हणजे स्टॉक ऑप्शन. ठरावीक काळ नोकरी केली की हा हक्क पक्का होतो, म्हणजे व्हेस्ट होतो. त्यानंतर ठरलेली रक्कम भरून कर्मचारी शेअर घेऊ शकतो. पुण्यात 1981 साली सुरू झालेल्या इन्फोसिसने 1994 मध्ये कर्मचाऱ्यांसाठी अशी योजना आणली. पगारदार माणूसही कंपनीच्या वाढीचा वाटेकरी होऊ शकतो, ही कल्पना मराठी मध्यमवर्गाच्या मनात रुजली ती त्या पिढीच्या अनुभवातून. पुढे स्टार्टअपच्या काळात ऑप्शन हा पगाराचाच भाग मानला जाऊ लागला. हातात थोडे कमी घ्या, पुढे वाटा मिळेल, असा हा व्यवहार. पण कंपनीच दुसरीत विलीन झाली, तर त्या वाट्याचे काय व्हावे? यावर समंजस माणसांचीही मते वेगळी असतात, आणि दोन्ही बाजूंना खरोखर आधार आहे.

सुरुवात एका नीट पार पडलेल्या व्यवहारापासून करू. एचडीएफसी लिमिटेड आणि एचडीएफसी बँक यांच्या विलीनीकरणाची घोषणा 4 एप्रिल 2022 रोजी झाली आणि ते 1 जुलै 2023 पासून अमलात आले. एचडीएफसीच्या 25 शेअरमागे बँकेचे 42 शेअर, असे गुणोत्तर ठरले. अशा व्यवहारात ऑप्शनलाही तेच गुणोत्तर लावण्याची रीत आहे. हिशेब समजावा म्हणून कल्पित आकडे घेऊ. एखाद्याकडे जुन्या कंपनीचे 1,000 ऑप्शन आहेत आणि शेअर घेण्याची किंमत प्रत्येकी 2,100 रुपये ठरली आहे. 25 ला 42 या प्रमाणाने त्याचे 1,680 ऑप्शन होतील आणि किंमत उलट्या प्रमाणात उतरून 1,250 रुपये होईल. आधी सगळे शेअर घ्यायला 21 लाख रुपये लागत होते, आताही 21 लाखच लागतील. संख्या बदलली, किंमत बदलली, पण हक्काचे मोल त्या दिवशी होते तिथेच राहिले.

याच रीतीचा दुसरा चेहरा मात्र पाहणाऱ्याला घाबरवतो. एलअँडटी इन्फोटेक आणि माइंडट्री यांचे विलीनीकरण 14 नोव्हेंबर 2022 पासून अमलात आले, तेव्हा माइंडट्रीच्या 100 शेअरमागे 73 शेअर असे गुणोत्तर होते. डीमॅट खात्यात शंभराचे त्र्याहत्तर झालेले पाहून पोटात गोळा येणे साहजिक आहे. पण नव्या कंपनीच्या एका शेअरची किंमत जास्त असेल, तर केवळ संख्या घटल्याने नुकसान होत नाही. त्यामुळे या विषयातली पहिली शिकवण अशी की आपल्याकडे किती ऑप्शन उरले, एवढ्यावरून काही ठरवू नये. संख्या, शेअर घेण्याची किंमत, उरलेली मुदत आणि नव्या शेअरचा भाव या चारही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

गुणोत्तराची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. ते एका दिवसाचे मोल राखते, पुढच्या वर्षांचे नाही. विलीनीकरणानंतर सहा-सात महिन्यांनी, 17 जानेवारी 2024 रोजी, तिमाही निकालांनंतर एचडीएफसी बँकेचा शेअर एका दिवसात आठ टक्क्यांहून अधिक घसरला. ज्याने गृहकर्ज देणाऱ्या कंपनीच्या भवितव्यावर भरवसा ठेवून ऑप्शन घेतले होते, तो आता एका बँकेच्या भवितव्याशी बांधला गेला. हा बदल चांगला की वाईट, हे काळ ठरवतो. पण तो त्याने निवडलेला नसतो.

कर्मचाऱ्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथेच आहे. कंपनी कायद्यानुसार विलीनीकरणाच्या योजनेला भागधारकांच्या बैठकीत मूल्याने तीन-चतुर्थांश बहुमत लागते आणि मग राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी. भागधारक मत देतो, कर्ज देणाराही मत देतो. ऑप्शनधारक मात्र भागधारक नसतो. शेअर प्रत्यक्ष हाती येईपर्यंत त्याला मत नाही आणि लाभांशही नाही, असे 2014 च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे. ज्याने कमी पगार पत्करून वर्षे दिली, त्याच्या मोबदल्याचा मोठा भाग ज्या खोलीत ठरतो, त्या खोलीत त्याला खुर्ची नसते. मग त्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की व्यवहार झाला त्या दिवशी सगळे ऑप्शन व्हेस्ट करून टाकावेत. करार कंपनीने बदलला, तर त्याची किंमतही कंपनीनेच मोजावी.

दुसरीकडे, विकत घेणाऱ्या कंपनीचे म्हणणेही तितकेच गंभीरपणे ऐकायला हवे. सॉफ्टवेअरची किंवा औषध संशोधनाची कंपनी विकत घेताना पैसे मोजले जातात ते इमारतीसाठी कमी आणि माणसांसाठी जास्त. व्यवहाराच्या दिवशी सगळे ऑप्शन एकदम पक्के झाले, तर ज्यांच्यासाठी पैसे मोजले ती माणसे पुढच्या आठवड्यात राजीनामा देऊ शकतात. त्यांना टिकवायला पुन्हा नवे ऑप्शन द्यावे लागतात. हा दुहेरी खर्च शहाणा खरेदीदार आधीच किमतीतून वजा करतो आणि त्याचा भार सगळ्या भागधारकांवर पडतो. त्यांत ज्यांचे ऑप्शन आधी व्हेस्ट होऊन शेअर झाले, असे जुने कर्मचारीही आलेच. शिवाय आठ वर्षे खपलेल्या माणसाला आणि चार महिन्यांपूर्वी आलेल्याला एकाच दिवशी पूर्ण हक्क देणे न्यायाचे आहे का, हा प्रश्नही उरतो. आपल्या नियमांनी ग्रँट आणि व्हेस्टिंग यांत किमान एक वर्षाचे अंतर सक्तीचे ठेवले आहे, ते याच विचाराने.

तथापि, त्याच नियमांमध्ये एक कलम असे आहे की ज्याने विलीनीकरणानंतर अन्याय होऊ शकतो. कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला, तर त्याचे ऑप्शन तत्काळ वारसांच्या नावे व्हेस्ट होतात. कायमचे अपंगत्व आले, तर त्या दिवसापर्यंत मिळालेले ऑप्शन व्हेस्ट होतात. म्हणजे माणसाच्या हाताबाहेरच्या संकटात त्याचा हक्क बुडू नये, हे तत्त्व नियमांनी मान्य केले आहे. मात्र राजीनामा दिला किंवा नोकरीवरून काढले, तर व्हेस्ट न झालेले ऑप्शन संपतात, मग काढण्याचे कारण काहीही असो. दोन कंपन्या एक झाल्या की दोन हिशेब विभाग, दोन एचआर विभाग, दोन विक्री विभाग तयार होतात आणि त्यांतला एक बंद होतो. त्या विभागातल्या माणसाने काहीही चूक केलेली नसते. तरीही चार वर्षांपैकी साडेतीन वर्षे भरलेला हक्काचा शेवटचा हप्ता त्याच्या हातून जातो.

रोखीच्या व्यवहारांत हा ताण वेगळ्या रूपात दिसतो. ऑक्टोबर 2022 मध्ये ट्विटरची विक्री प्रत्येक शेअरला 54.20 डॉलर या दराने पूर्ण झाली. व्हेस्ट न झालेले शेअर त्याच दराने रोख रकमेत बदलले गेले आणि ती रक्कम जुन्याच वेळापत्रकानुसार द्यायची ठरली. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने यात सुरक्षितता आहे, कारण बाजार पडला तरी रक्कम ठरलेली. त्याचबरोबर पुढच्या वाढीतला वाटा संपला आणि रकमेसाठी नोकरीत टिकून राहण्याची अट मात्र कायम राहिली. ज्या ऑप्शनमध्ये शेअर घेण्याची ठरलेली किंमत खरेदीच्या दरापेक्षा जास्त असते, ते तर अशा व्यवहारात बहुतेक वेळा काहीही मोबदला न देता रद्द होतात. हिशेबाने ते बरोबरही आहे, कारण तोट्यातल्या हक्काला त्या दिवशी मोल नसते. पण ऑप्शनला मुदत दिलेली असते ती पुढे भाव वाढेल या आशेवर, आणि ती मुदतच मधून कापली जाते.

सूचीबद्ध नसलेल्या कंपन्यांत प्रश्न आणखी अवघड होतो. तिथे गुंतवणूकदार सहसा प्राधान्य शेअर घेतात. कंपनी विकली गेली तर आधी त्यांची रक्कम परत, मग उरलेले साध्या शेअरच्या धारकांना, असा करार असतो. समजा, गुंतवणूकदारांनी 300 कोटी रुपये घातले आहेत आणि कंपनी 320 कोटींना विकली गेली. वर्तमानपत्रात बातमी येते 320 कोटींची. साध्या शेअरच्या धारकांसाठी, म्हणजे संस्थापक आणि कर्मचारी यांच्यासाठी मिळून, उरतात 20 कोटी. अमेरिकेतल्या गुड टेक्नॉलॉजी या कंपनीत हे प्रत्यक्ष घडले. 2015 मध्ये ब्लॅकबेरीने ती 42.5 कोटी डॉलरना घेतली, तेव्हा वर्षभरापूर्वी 4.32 डॉलर मोल धरलेल्या साध्या शेअरला 44 सेंट मिळाले आणि प्राधान्य शेअरला तीन डॉलरहून अधिक. काही कर्मचारी आधीच्या चढ्या मोलावर कर भरून बसले होते, हे यातले अधिक दुःखद.

मात्र यात गुंतवणूकदाराला खलनायक ठरवणेही योग्य नाही. कंपनीकडे उत्पन्न नसताना, बँक कर्ज देत नसताना त्याने पैसे घातले. त्याच पैशांतून कर्मचाऱ्यांचे पगार झाले. बुडण्याचा धोका त्याने रोख रकमेत घेतला, म्हणून परतफेडीत त्याला पहिला मान, या तर्कात खोट काढता येत नाही. हे संरक्षण काढून घेतले, तर गुंतवणूक आटेल आणि ऑप्शन देणाऱ्या कंपन्याच कमी होतील. तरीही कर्मचाऱ्यानेही धोका घेतलेला असतो, फक्त त्याची नोंद ताळेबंदात होत नाही. गुंतवणूकदाराला आपल्या करारातली प्रत्येक ओळ वकिलाकडून तपासून घेता येते. कर्मचाऱ्याच्या हाती मात्र फक्त ऑप्शनची संख्या असते. त्याच्या पुढे किती कोटींची रांग उभी आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

करारातल्या एका ओळीने काय होऊ शकते, याचे उदाहरण स्काइपचे आहे. 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी साडेआठ अब्ज डॉलरना घेतली. आधी नोकरी सोडलेल्या काहींना तेव्हा कळले की व्हेस्ट झालेले शेअरसुद्धा मूळ किमतीला परत घेण्याचा अधिकार कंपनीने करारात राखून ठेवला होता. सगळे कायदेशीर होते, कागदावर सहीही होती. पण व्हेस्ट झाले म्हणजे आपले झाले, ही सर्वसाधारण समजूत त्या कागदाने खोटी ठरवली.

करांचा भाग थोडक्यात, कारण त्यातली मुख्य अडचण एकच आहे. आपल्याकडे ऑप्शन वापरून शेअर घेतला की बाजारमूल्य आणि भरलेली किंमत यांतला फरक पगाराचे उत्पन्न मानला जातो, मग शेअर विकून पैसे हाती आले असोत वा नसोत. विलीनीकरणात शेअरच्या बदल्यात शेअर मिळाले, तर अटी पाळल्यास त्या अदलाबदलीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ऑप्शनच्या बदल्यात ऑप्शन मिळतात, त्यांच्यासाठी मात्र तितकी स्पष्ट तरतूद नाही. फ्लिपकार्टपासून फोनपे वेगळी झाल्यावर ऑप्शनधारकांना प्रत्येक ऑप्शनमागे 43.67 डॉलर भरपाई मिळाली. ती रक्कम पगारी लाभ म्हणून करपात्र नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2024 मध्ये ठरवले. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने ती करपात्र मानली. दोन्ही निर्णयांमागे विचार आहे, पण एकाच कंपनीतल्या, एकाच रकमेबाबत एकाला सूट आणि दुसऱ्याला कर, ही स्थिती चांगली नाही.

सगळे तोलून पाहिल्यावर माझा कल कुठे झुकतो, ते आता सांगतो. व्यवहाराच्या दिवशी सगळेच ऑप्शन व्हेस्ट करावेत, ही मागणी मला मान्य नाही. त्याने खरेदीदाराचे खरे नुकसान होते आणि शेवटी किमतीतून ते कर्मचाऱ्यांकडेच फिरून येते. पण संचालक मंडळ यथावकाश ठरवेल, हे उत्तरही मान्य करता येत नाही. या दोन टोकांमध्ये एक न्याय्य वाट आहे आणि तिचे तीन टप्पे आहेत.

पहिला टप्पा समान मोलाचा. सूचीबद्ध कंपन्यांसाठी सेबीच्या 2021 च्या विनियमांत हे तत्त्व आधीच आहे. विलीनीकरणासारख्या प्रसंगी ऑप्शनची संख्या आणि किंमत यांत न्याय्य फेरबदल करावा आणि व्हेस्टिंगची मुदत शक्यतो तशीच ठेवावी, असे ते सांगतात. जुन्या कंपनीत काढलेला काळ नव्या कंपनीच्या किमान मुदतीत धरला जातो, ही सोय तर सूचीबद्ध नसलेल्या कंपन्यांच्या नियमांतही आहे. पण फेरबदलाचा असा तपशीलवार दंडक तिथे नाही. स्टार्टअपमधल्या बहुतेक कर्मचाऱ्यांचे ऑप्शन नेमके याच कंपन्यांत आहेत. तिथेही तो दंडक लागू व्हायला हवा.

दुसरा टप्पा दोन अटींचा. विलीनीकरण झाले एवढ्यावर काही व्हेस्ट होऊ नये. मात्र विलीनीकरण झाले आणि त्यानंतर वर्षभरात कर्मचाऱ्याला त्याचा दोष नसताना काढले, तर उरलेले ऑप्शन काढण्याच्या आधी व्हेस्ट व्हावेत, किमान एक वर्षाची अट पाळून. अनेक कंपन्यांत वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या करारात ही तरतूद असते. जी सोय वरच्या मजल्यावर वाजवी ठरते, ती खालच्या मजल्यावर अवाजवी ठरू नये. यात खरेदीदाराचे नुकसान मर्यादित आहे, कारण ज्याला ठेवायचे आहे त्याला तो ठेवू शकतोच. ज्याला ठेवायचे नाही, त्याच्या जाण्याची किंमत त्याने मोजावी, एवढेच यात मागितले आहे.

तिसरा टप्पा सांगण्याचा. विलीनीकरणाच्या नोटिशीत कर्मचाऱ्यांवर होणारा परिणाम सांगावा, असे नियम आजही म्हणतात. अनेक नोटिशींत मात्र तो एका वाक्यात आटोपतो. त्याऐवजी ऑप्शनधारकांसाठी साध्या भाषेतले एक पान असावे. जुने आणि नवे आकडे, प्राधान्य शेअरच्या धारकांना आधी किती जाणार, काढून टाकल्यास काय होणार आणि कर कधी लागणार, एवढे त्यात आले तरी पुष्कळ. गुंतवणूकदारांशी झालेल्या करारांत गुप्तता लागते, हे खरे. पण आपल्या वाट्याच्या पुढे किती रक्कम उभी आहे, एवढा एक आकडा सांगितल्याने कुठल्याही कंपनीचे गुपित फुटणार नाही.

या सूचनांवर मतभेद होतील, व्हायलाही हवेत. वर्षभराची मुदत काहींना कमी वाटेल, काहींना जास्त. त्यावर चर्चा करता येईल. पण कायदा बदलायला वेळ लागतो आणि ग्रँट लेटर रोज सही होत असतात. त्या तरुणाच्या पत्रात, अकराव्या पानावर, कंपनीच्या मालकीत बदल झाल्यास असा मथळा असलेला चार ओळींचा परिच्छेद होता. सही केली त्या दिवशी त्याने तो वाचला नव्हता. त्या चार ओळींत मंडळाचा निर्णय अंतिम राहील, असे लिहिले होते. नव्या नोकरीच्या आनंदात असलेल्या प्रत्येकाला माझे सांगणे एवढेच आहे: ऑप्शन किती मिळाले हे घरी सांगण्याआधी तो परिच्छेद शोधा, सावकाश वाचा, आणि समजला नाही तर सही करण्याआधी ‘म्हणजे काय?’ हे लेखी विचारा. तो प्रश्न त्या दिवशी विचारला तर उत्तर बदलून घेता येते.